चित्रतुरगावरचा स्वार

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ, समांतर पट्ट्यांची जी उतरंड असते, जिला कारागीर ‘फिन’ म्हणतात आणि मराठीत पंख म्हणता येईल, ती मुळात शोभेसाठी जन्माला आलेली नाही. सिलिंडरात इंधन जळून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायची तर तापलेल्या धातूचा वाऱ्याशी जितका अधिक संपर्क होईल तितके बरे, आणि तेवढ्याच जागेत पृष्ठभाग वाढवण्याचा सर्वात सोपा उपाय म्हणजे धातूला असे पंख फोडणे. गाडी धावते, वारा पंखांमधून वाहतो आणि इंजिन निवते. कावासाकी कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेल्या झेड-१ या ९०३ सीसीच्या, चार सिलिंडरांच्या मोटारसायकलीला हे पंख होते, कारण त्यांच्यावाचून ती फार वेळ चालली नसती. त्याच कंपनीने २०१७ साली टोकियोच्या वाहनप्रदर्शनात झेड-९००-आरएस ही गाडी मांडली, तेव्हा टाकीचा थेंबासारखा आकार, पुढचा गोल दिवा, शेजारी शेजारी बसवलेल्या दोन गोल डायल आणि तपकिरी-नारिंगी रंगसंगती या साऱ्यांतून झेड-१ पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहावी अशी तिची घडण होती. या नव्या गाडीचे ९४८ सीसीचे इंजिन मात्र द्रवाने थंड होते, उष्णता बाहेर टाकण्याचे काम पुढचा रेडिएटर करतो, आणि तरीही सिलिंडरच्या माथ्यावर पंख आहेतच. ते तिथे का आहेत हा प्रश्न वरवर पाहता रचनाकाराच्या आवडीनिवडीचा वाटतो, परंतु जरा खोल गेल्यास तो भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेल्या एका प्रश्नापाशी येऊन पोहोचतो: समोरच्या वस्तूत जेव्हा ‘ही तीच’ अशी ओळख पटते, तेव्हा नेमके कशाचे ज्ञान होते, आणि ते ज्ञान खरे असते की खोटे?

ज्या गाड्यांबद्दल हे विवेचन आहे त्यांचे स्वरूप आधी स्पष्ट करायला हवे. जुन्या घाटाच्या नव्या मोटारसायकलींना सर्रास ‘रेट्रो’ म्हटले जाते, पण त्यांतल्या बऱ्याच गाड्या निवांत फिरण्यासाठी असतात. येथे विचार आहे तो वेगासाठी, वळणांसाठी, अंग झुकवून चालवण्यासाठी बनवलेल्या गाड्यांचा. ट्रायम्फची थ्रक्स्टन, रॉयल एनफिल्डची काँटिनेंटल जीटी, डुकाटीची पॉल स्मार्ट १०००, एमव्ही ऑगस्टाची सुपरवेलोचे, यामाहाची एक्सएसआर ९०० जीपी ही त्यांतली ठळक नावे. यांपैकी पहिल्या दोघींचे रूप ज्याला ‘कॅफे रेसर’ म्हणतात त्या प्रकारातून आले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात महामार्गांवरच्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलांभोवती कामगारवर्गातल्या तरुणांची जी मोटारसायकल-संस्कृती वाढली, तिच्यात हा प्रकार घडला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे, १९३८ साली उघडलेले, १९६९ साली बंद पडलेले आणि २००१ साली पुन्हा सुरू झालेले एस कॅफे हे त्याचे सर्वात प्रसिद्ध ठिकाण. ताशी १०० मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठणे ही त्या तरुणांची प्रतिष्ठा होती, आणि त्यासाठी लागणारी गाडी विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे त्यांनी ती घडवली: नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाची संकरित गाडी तयार केली, वजन घटवण्यासाठी मडगार्ड कापले, मागची सीट काढून एकट्यापुरती ठेवली, वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून हँडल खाली नेले आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या मागे सरकवल्या. या रूपातली प्रत्येक रेषा गरजेतून आली होती. तिचे सौंदर्य हा तिच्या उपयोगाचा अवशेष आहे, म्हणजे गरज भागल्यावर मागे जे उरले ते सुंदर दिसले.

या संस्कृतीला धर्माचा स्पर्श तेव्हाच झाला होता, आणि तोही अनपेक्षित बाजूने. लंडनच्या हॅकनी विक भागातील एका अँग्लिकन चर्चच्या आश्रयाने १९५९ साली तरुणांचे एक मंडळ सुरू झाले, जे पुढे ‘५९ क्लब’ या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. १९६२ साली बिल शेरगोल्ड या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रांनी गुंड ठरवलेल्या या स्वारांसाठी तेथे खास प्रार्थनासभा घेतली, आणि त्यांना बोलावण्यासाठी ते स्वतः मोटारसायकलवरून एस कॅफेत गेले होते. काळ्या चामड्याच्या जाकिटांतली मुले चर्चच्या बाकांवर बसली, ही घटना येथे नोंदवण्याचे कारण असे की शेरगोल्ड यांनी त्या मुलांना वेगाचा त्याग करायला सांगितले नाही. ज्या गोष्टीवर माणूस जिवापाड प्रेम करतो तिच्या वाटेनेच त्याच्याशी बोलता येते, ही भक्तिमार्गाला अजिबात परकी नसलेली जाणीव त्यांच्या कृतीत होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते त्याला न्यायदर्शनात ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात. त्यात समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष असते आणि पूर्वानुभवाने मनावर उमटलेला संस्कारही जागा होतो, आणि दोन्ही मिळून एकच ज्ञान बनते. नवव्या शतकातील काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त प्रत्यभिज्ञेच्या बळावरच वस्तूंचे स्थैर्य सिद्ध करण्याचा प्रयत्न केला: वस्तू टिकत नसती तर ती ओळखता आली नसती. बौद्धांनी यावर दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढतात ते नवे असतात, तरीही ‘तीच ज्योत’, ‘तेच केस’ असे माणूस म्हणतो; म्हणजे सादृश्य पुरेसे असले की ओळख पटते, तिच्या पाठीशी एकच वस्तू असण्याची गरज नसते. ग्रीक परंपरेत थीसियसच्या जहाजाची कथा हाच पेच मांडते, पण तेथे फळ्या एकेक करून बदलतात आणि जहाज कायम वापरात असते. येथे चाळीस-पन्नास वर्षे मध्ये रिकामी आहेत, त्यामुळे कापल्यावर पुन्हा उगवलेल्या केसांचा बौद्ध दृष्टांत या गाड्यांना अधिक नेमका लागू पडतो.

या रिकाम्या काळाचे स्वरूप सर्व गाड्यांच्या बाबतीत सारखे नाही, आणि हा भेद तत्त्वदृष्ट्या महत्त्वाचा आहे. रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना इंग्लंडातील रेडिच येथे होता व तो काळाच्या ओघात बंद पडला, परंतु १९५५ पासून मद्रासमध्ये बुलेट तयार होऊ लागली होती आणि मूळ घर मोडल्यावरही ती तेथे होतच राहिली. हा प्रवाह, ज्याला बौद्ध ‘संतान’ म्हणतात, कधी तुटला नाही. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना १९८३ साली बंद झाला, जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतले, हिंकली येथे नवा कारखाना उभारला, आणि तेथून २००१ साली जेव्हा नवी बॉनव्हिल बाहेर पडली तेव्हा जुन्या कारखान्याशी तिचा संबंध नावाचा आणि रूपाचा होता. कावासाकीत कंपनी तीच राहिली, खंड पडला तो रूपात. गुरुपरंपरेची भाषा वापरायची तर पहिल्या ठिकाणी परंपरा अखंड आहे, दुसऱ्या ठिकाणी उजाड मठात नवा महंत येऊन बसला आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी मठ चालू होता पण जुनी उपासना मध्यंतरी सुटली होती. आज ट्रायम्फ हे नाव असलेल्या ४०० सीसीच्या गाड्या, आणि त्यांत २०२५ साली आलेली थ्रक्स्टन ४००, पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. थ्रक्स्टन हे इंग्लंडातील हँपशायर परगण्यातल्या एका शर्यतपट्ट्याचे नाव आहे, हे त्या गाडीवरून दसऱ्याला झेंडूचा हार घालून निघालेल्या तरुणाला ठाऊक असेलच असे नाही. तरीही त्याला ती गाडी ‘जुनी’ वाटते, ओळखीची वाटते, आणि येथे प्रत्यभिज्ञेचा सिद्धांत अडखळतो. ज्याने मूळ वस्तू कधी पाहिलीच नाही त्याच्या मनात तिचा संस्कार कोठून येणार? संस्कार नसेल तर जागे काय होते?

या अडचणीची सर्वात सखोल चर्चा प्रमाणशास्त्रात सापडत नाही. ती नाट्यशास्त्राच्या टीकापरंपरेत सापडते. नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला होणारे ‘हा राम’ हे ज्ञान कोणत्या जातीचे, असा प्रश्न श्रीशंकुक या आचार्यांनी उपस्थित केला, आणि त्यांचे मत अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’मुळे टिकून राहिले आहे. हे ज्ञान यथार्थ नव्हे, कारण नट राम नाही. ते मिथ्या नव्हे, कारण पुढे बाध होऊन ‘अरे, हा राम नव्हता’ असा धक्का बसत नाही. तो संशय नव्हे, आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी सादृश्याची जाणीवही नव्हे. चित्रातल्या घोड्याला पाहून माणूस ‘हा घोडा’ म्हणतो, त्या प्रतीतीसारखी ही चारही प्रकारांहून निराळी प्रतीती आहे, आणि म्हणून या दृष्टांताला ‘चित्रतुरगन्याय’ असे नाव पडले. नव्या झेडकडे पाहणारा जाणकार नेमक्या याच अवस्थेत असतो. ही १९७२ ची गाडी आहे असे तो मानत नाही, पण ती केवळ तिच्यासारखी आहे असेही त्याला वाटत नाही, कारण सारखेपणा मोजताना दोन वस्तू वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि त्याच्या नजरेत त्या वेगळ्या राहत नाहीत.

अभिनवगुप्तांचे गुरू भट्ट तौत यांनी मात्र शंकुकांवर एक आक्षेप घेतला, जो आजच्या या प्रश्नाला बाणासारखा लागतो: अनुकरण म्हणायचे तर मूळ पाहिलेले असले पाहिजे, आणि रामाला तर कोणीच पाहिलेले नाही; मग नट कोणाचे अनुकरण करतो हे कोण ठरवणार? सुपरवेलोचे या गाडीला तर मूळ असे एक मॉडेलच नाही. २०१८ साली मिलानच्या प्रदर्शनात दाखवलेली ही गाडी एमव्ही ऑगस्टाच्या अगदी आधुनिक एफ-३ ८०० वर बेतलेली आहे, आणि तिचे गोल दिव्याचे, लालसर-रुपेरी कवच सत्तरीच्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांची एकवटलेली आठवण आहे. ती आठवण कोणत्या एका गाडीची, असे बोट दाखवून सांगता येत नाही. अभिनवगुप्तांचे उत्तर असे की रंगभूमीवर जे घडते ते अनुकरण नाहीच. तेथे विशिष्ट काळाचे, स्थळाचे आणि व्यक्तीचे बंध गळून भाव साधारण होतो, म्हणजे कोणा एकाचा न राहता सर्वांचा होतो, आणि प्रेक्षकाच्या मनात अनादी काळापासून असलेली वासना, म्हणजे सुप्त संस्कार, त्याला प्रतिसाद देते. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडून दुष्यंत उगाच व्याकूळ होतो, आणि रम्य वस्तूंच्या सान्निध्यात सुखी माणसालाही अशी हुरहुर का लागते याचा विचार करतो. त्या प्रसंगातील स्मृतीबद्दल अभिनवगुप्त स्पष्टपणे म्हणतात की ती तार्किकांना मान्य असलेली स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेला नाही. ती प्रतिभेच्या जातीची, साक्षात्काराच्या स्वभावाची आहे. न जगलेल्या काळाची ओढ म्हणजे फसवी जाहिरात, असे मानणाऱ्यांनी या वाक्याशी थोडे थांबावे. जाहिरात या ओढीचा वापर करते हे खरे, पण तिने ती निर्माण केलेली नाही.

आता खोटेपणाच्या आरोपाकडे यावे लागते, कारण तो गंभीर आहे आणि या गाड्यांच्या चाहत्यांनाही तो मनातून बोचतो. ट्रायम्फने आपल्या बॉनव्हिल मालिकेत कार्बोरेटरच्या जागी संगणकाने नियंत्रित होणारे इंधन-इंजेक्शन आणले, तेव्हा त्याच्या धातूच्या पेट्यांना जुन्या कार्बोरेटरचा आकार दिला; इंधन आणि हवा यांचे मिश्रण साध्या यांत्रिक पद्धतीने करणारे जे उपकरण नाहीसे झाले, त्याचा मुखवटा त्याच जागी ठेवला. हे दंभाचे लक्षण नव्हे काय? दंभ म्हणजे जे नाही ते आहे असे दुसऱ्याला भासवणे, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत त्याला पहिले स्थान आहे. परंतु दंभाला फसणारा माणूस लागतो, आणि येथे फसणारा कोण, हे शोधू गेल्यास कोणी सापडत नाही. माहितीपत्रकात इंजेक्शनचा उल्लेख ठळकपणे असतो, विकत घेणाऱ्याला ते हवेच असते, आणि तरीही त्या आकाराकडे पाहून त्याला समाधान वाटते. नव्यन्यायात अशा ज्ञानाला एक नेमके नाव आहे: बाध स्पष्ट दिसत असतानाही इच्छेने स्वीकारलेल्या ज्ञानाला ‘आहार्य’ म्हणतात. मुख म्हणजे चंद्र नव्हे हे पूर्णपणे जाणूनच कवी मुखाला चंद्र म्हणतो. त्यात भ्रम नाही, कारण भ्रमात माणूस ओढला जातो आणि आहार्यात तो स्वतः पाऊल टाकतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याहून पुढे जाऊन एक भेद वापरला आहे. दोरीवर सापाचा अध्यास होतो तो अज्ञानाने, आणि तो दूर करायचा असतो; पण शाळिग्रामात विष्णूची बुद्धी ठेवायची ती जाणूनबुजून, शास्त्राच्या सांगण्यावरून, उपासनेसाठी. दोन्ही ठिकाणी एका वस्तूवर दुसरी आरोपित होते, तरी एक बंधनाकडे नेते आणि दुसरी चित्ताला एकाग्र करते. मोटारसायकलीला शाळिग्रामाच्या पंक्तीला बसवणे येथे अभिप्रेत नाही, आणि राजस्थानात पालीजवळ ओम बन्ना यांच्या बुलेटची खरोखरच पूजा होते हा विषय वेगळ्या विवेचनाचा आहे. मुद्दा एवढाच की जाणीवपूर्वक केलेल्या आरोपाची किंमत त्याच्या खरे-खोटेपणाने मोजता येत नाही. तो चित्ताला कशाकडे नेतो यावरून ती मोजावी लागते.

मग जुन्या रूपाच्या या गाड्या चित्ताला कशाकडे नेतात? भूतकाळाकडे, असे उत्तर तयार असते, पण ते अपुरे आहे. साठीच्या दशकातील इंग्लंड परत यावे असे चाकणच्या गाडीवरच्या तरुणाला वाटत नाही, आणि त्याने तसे वाटून घेण्याचे कारणही नाही. प्रस्तुत लेखनाचे प्रतिपादन असे की या रूपाचा खरा विषय काळ नसून कार्यकारणाची दृश्यता आहे. जुन्या गाडीत कारण आणि कार्य यांचा संबंध डोळ्यांना दिसत असे: मूठ पिळली की केबल ओढली जाते, केबल ओढली की कार्बोरेटरातली पट्टी वर सरकते, हवा आत शिरते, इंजिन उसळते, उष्णता वाढते तर पंख आहेत, आवाज होतो तर सायलेन्सर समोरच आहे, साखळी सैल झाली तर हाताला कळते. यंत्राचे शरीर हेच त्याचे स्पष्टीकरण होते. आजच्या गाडीत मूठ पिळली की एका संवेदकातून विजेचा इशारा जातो, संगणक चाकांचा वेग, गाडीचा कल आणि निवडलेली चालनपद्धती लक्षात घेऊन किती इंधन द्यायचे ते ठरवतो, आणि स्वाराची इच्छा ही अनेक निविष्टींपैकी एक होऊन बसते. हे सारे त्याच्या भल्यासाठी आहे, यात शंका नाही. तरीही ज्याच्यावर आपण बसलो आहोत ते का चालते हे आता पाहून कळत नाही, आणि मनुष्याच्या बुद्धीला हे न कळणे एखाद्या उपवासासारखे आतून जाणवत राहते. जुने रूप या भुकेला नैवेद्य दाखवते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी, जे तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकले होते, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या झेन आणि मोटारसायकल-दुरुस्तीवरील ग्रंथात जगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या होत्या: वस्तूच्या तत्काळ दिसणाऱ्या रूपावर रमणारी आणि तिच्या अंतर्गत रचनेचा वेध घेणारी. त्यांचा सारा खटाटोप या दोहोंमधली भिंत पाडण्याचा होता. जुन्या रूपाची नवी गाडी ही त्या भिंतीवर काढलेली खिडकी आहे असे म्हणावे लागते. ती रचनेचे चित्र रूपाच्या पातळीवर आणून ठेवते, पण खिडकी उघडत नाही.

या प्रतिपादनाला एक खरा अपवाद आहे आणि तो लपवून उपयोग नाही. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेली यामाहाची एक्सएसआर ९०० जीपी ही ऐंशीच्या दशकातील ग्रांप्री शर्यतींच्या गाड्यांची आठवण करून देते, आणि त्या गाड्यांचे सौंदर्य इंजिन झाकणाऱ्या कवचात होते. तेथे कारण दाखवले जात नव्हते, ते लपवलेलेच होते. अशा गाडीची ओढ यंत्राच्या आकलनाची नसते. ती वीरपुरुषाची ओढ असते. डुकाटीच्या पॉल स्मार्ट १००० लाही एक निश्चित घटना आहे: १९७२ च्या एप्रिल महिन्यात इटलीतील इमोला येथे झालेली २०० मैलांची शर्यत, जिच्यात पॉल स्मार्ट पहिले आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरे आले. त्या गाडीचा निळसर-हिरवा सांगाडा आणि रुपेरी कवच हे चरित्राचे स्मरण आहे, पोवाड्याचे काम करणारे. कार्यकारणाची दृश्यता आणि वीराचे स्मरण या दोन वेगळ्या तहाना आहेत, आणि एकाच गाडीत त्या मिसळू शकतात.

याहून अवघड प्रश्न साधनेचा आहे. जुनी गाडी चालवणे ही एक शिस्त होती: थंड सकाळी कार्बोरेटरची कळ दाबून पेट्रोल ओसंडेपर्यंत थांबायचे, पिस्टन नेमक्या जागी आणून किक मारायची, चुकल्यास पायाला हिसका सोसायचा, पॉइंटमधले अंतर आणि टॅपेट वेळोवेळी बसवायचे, इंजिनाखाली तेलाचा डाग पडला की कोणते पॅकिंग गेले ते ओळखायचे. त्या श्रमांतून यंत्राशी जे नाते जुळे ते बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीशी जुळत नाही, असे जुने स्वार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. साधनेवाचून फळ मिळाले तर ते फळ तेच असते काय? परंतु या युक्तिवादात जुन्या काळाचे दोष गाळले जातात, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर मेलेल्या मुलांच्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर काही नव्हते. भारतात १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस ब्रेक-यंत्रणा २०१९ पासून अनिवार्य झाली आणि २०२० पासून भारत स्टेज-६ ची उत्सर्जन-मर्यादा लागू झाली. आता जुनी गाडी जशीच्या तशी बनवणे कायद्याने शक्य नाही, आणि ते शक्य नाही हे चांगले आहे. धूर आणि अपघात ही त्या साधनेची तपश्चर्या नव्हती. ती तिची किंमत होती, आणि तिचा मोठा हिस्सा इतरांनी भरला.

शिवाय या विशिष्ट गाड्यांत साधना पूर्णपणे लोपलेली नाही. थ्रक्स्टन आर किंवा काँटिनेंटल जीटी चालवणाऱ्याला पुढे वाकावे लागते, मनगटांवर भार येतो, पाय मागे दुमडावे लागतात, आणि शहराच्या गर्दीत हे आसन फार लवकर दुखू लागते. ते सुसह्य होते केवळ वेगात, जेव्हा छातीवर येणारा वारा वरच्या अंगाचे ओझे उचलून धरतो. योगशास्त्राने आसन स्थिर आणि सुखद असावे असे म्हटले आहे, आणि हे आसन योग्य गतीतच स्थिर आणि सुखद होते, म्हणजे ते स्वाराकडून काहीतरी मागते. निवांत रेट्रो गाडीने ही मागणी सोडून दिली आणि रूप तेवढे ठेवले. कॅफे रेसरच्या वारसदारांनी ती ठेवली. म्हणूनच या दोन प्रकारांची गल्लत करू नये असे वर म्हटले.

देहाने आणि कानाने होणारी ओळख डोळ्यांच्या ओळखीपेक्षा कठोर असते, याचे दुसरे उदाहरण आवाजात सापडते. साठीच्या दशकातल्या ब्रिटिश दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदम वरखाली होत आणि स्फोट समान अंतराने होत. २०१६ नंतरच्या १२०० सीसीच्या थ्रक्स्टनमध्ये आणि ६४८ सीसीच्या काँटिनेंटल जीटीत क्रँकचे कोन २७० अंशांवर ठेवले असल्यामुळे स्फोटांचे अंतर असमान होते आणि आवाजाला लंगडी, धडधडती लय येते. ज्याने जुनी बॉनव्हिल ऐकली आहे त्याच्या डोळ्यांना ही गाडी ‘तीच’ वाटेल, आणि इंजिन सुरू होताच कान म्हणतील की ही ती नव्हे. एकाच वस्तूबद्दल दोन इंद्रिये अशी परस्परविरुद्ध साक्ष देतात, तेव्हा ओळख किती अंशी इच्छेची होती हे उघड होते.

धार्मिक परंपरांनी नव्या द्रव्यात जुने रूप भरण्याचा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला आहे. पुरीला नवकलेवराच्या वेळी जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नव्या घडवल्या जातात, अलीकडे २०१५ साली तसे झाले, आणि जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकांच्या हातून नव्या मूर्तीत ठेवला जातो; म्हणजे द्रव्य बदलले तरी काहीतरी प्रत्यक्ष हातातून हातात जाते. ज्या देशातल्या कंपनीची झेड-९००-आरएस आहे त्या जपानमध्ये इसे येथील शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर जसेच्या तसे नव्याने बांधतात, सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या प्रथेची ६२ वी आवृत्ती २०१३ साली पार पडली, आणि अंतर्गत युद्धांच्या काळात ती शतकाहून अधिक काळ खंडित होऊनही पुन्हा सुरू झाली. तेथे जे हस्तांतरित होते ते सुतारांचे कौशल्य: लाकूड नवे, पण ते तासणारे हात जुन्या हातांखाली तयार झालेले. या कसोटीवर मोटारसायकलींकडे पाहिले तर त्यांच्यातला भेद पुन्हा समोर येतो. काँटिनेंटल जीटीचे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होते, तिचे पंख खरोखर काम करतात, आणि त्यांची ठेवण, जाडी व अंतर ठरवण्याचे ज्ञान हे जिवंत कौशल्य आहे. झेड-९००-आरएसचे पंख हे त्या कौशल्याचे चित्र आहेत, आणि चित्र कितीही सुंदर असले तरी त्याच्या योगाने ते कौशल्य पुढच्या पिढीकडे जात नाही. ही हानी खरी आहे, आणि तिच्याबद्दल दुःख वाटणे योग्य आहे.

तरीही चित्रतुरगाचा दृष्टांत एका ठिकाणी थांबतो. चित्रातला घोडा कोणाला पाठीवर घेत नाही. ही गाडी घेते, आणि मूळ गाडीपेक्षा अधिक वेगाने व अधिक सुखरूप नेते. सातव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांनी सत् वस्तूची जी कसोटी दिली ती ‘अर्थक्रियासामर्थ्य’, म्हणजे प्रत्यक्ष काही घडवून आणण्याची क्षमता. जे काही घडवते ते आहे, जे काहीच घडवत नाही ते नाही. या कसोटीने गाडी निःसंशय सत् आहे. पंखांचे काय? तापलेल्या धातूला जोडलेला धातूचा कोणताही तुकडा थोडी तरी उष्णता वाऱ्याला देतोच, रचनाकाराची इच्छा असो वा नसो, त्यामुळे शोभेचा म्हणून घडवलेला पंखही आपल्या जातीचे काम अंशमात्र करतो, आणि त्याला पूर्णपणे खोटे ठरवणे पदार्थविज्ञानालाही साधत नाही. घाटातून येऊन दोन गाड्या शेजारी शेजारी थांबल्या की काँटिनेंटल जीटीचे पंख निवताना टिकटिक असा बारीक आवाज करू लागतात. झेडच्या रेडिएटरमागचा विजेचा पंखा आपणहून सुरू होऊन घरघरतो, आणि वरचे पंख, वारा नसलेल्या त्या जागी, अजून बराच वेळ हात लावता येणार नाही इतके गरम राहतात.